सतरा टक्के

माझ्या डाव्या कानाच्या आत, कवटीच्या तळाशी वाढलेली २.८ सेंटीमीटरची गाठ मुंबईत काढली, त्याला चौदा महिने झाले. व्हेस्टिब्युलर श्वानोमा असे तिचे नाव. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. परंतु ऐकण्याची, तोलाची आणि चेहऱ्याची नस जिथे दाटीने एकत्र जातात, नेमकी तिथेच ती वाढते. एमआरआय, पैशांची जुळवाजुळव आणि नऊ तासांची शस्त्रक्रिया यांबद्दल मला तक्रार नाही. तक्रार आहे ती दिव्यांगत्वाच्या दाखल्याबद्दल.

डावा कान कायमचा गेला. उजव्या कानाने स्वच्छ ऐकू येते, पण आवाज कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. हॉर्न वाजला की मी हमखास चुकीच्या दिशेला पाहते. कार्यालयात येणारी माणसे माझ्या डाव्या बाजूला उभी राहून बोलत. टेबल फिरवून मिळावे एवढीच विनंती मी केली, तर अर्जासोबत दाखला जोडा, असे उत्तर आले.

ऑनलाइन अर्ज सहज भरला गेला. शासकीय रुग्णालयात तपासणीच्या दिवशी मात्र मला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबा, एवढेच सांगण्यात आले. डाव्या बाजूचा आवाज वाढवत नेला, तेव्हा एका टप्प्यावर मला तो ऐकू आला आणि मी प्रामाणिकपणे बटण दाबले. मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडच्या चांगल्या कानापर्यंत पोहोचतो, त्यामुळे तपासणी करताना त्या कानात ‘सूं’ असा आवाज सोडून तो गुंतवून ठेवावा लागतो, याला मास्किंग म्हणतात, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मास्किंग झालेच नाही. निर्जीव कानाला बऱ्यापैकी ऐकू येते, असा आलेख निघाला. दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळातील डॉक्टरांनी एका हातात तो आलेख आणि दुसऱ्या हातात ‘श्रवण नस वाचवता आली नाही’ असे लिहिलेला डिस्चार्जचा कागद धरला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की गाठ काढल्याचे सोंग मीच केले असावे.

पुन्हा तारीख मिळाली. त्या तारखेला यंत्र बंद होते. तिसऱ्या खेपेस मी स्वतःच तपासणी करणाऱ्या बाईंना, ‘ताई, मास्किंग करणार ना?’ असे विचारले. ते त्यांना आवडले नाही, पण त्यांनी केले. या तपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाने हा एक शब्द पाठ करून जावा. बाहेर केलेला आलेखही सोबत न्यावा. दाखल्यासाठी तो धरत नाहीत, पण तफावत दाखवायला उपयोगी पडतो.

एवढे करून दाखल्यावर आकडा आला सतरा. चांगल्या कानाच्या टक्केवारीला पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाची मिळवायची आणि सहाने भागायचे, असे ते सूत्र आहे. माझ्या बाबतीत शून्य अधिक शंभर, भागिले सहा. सवलतींसाठी किमान चाळीस टक्के लागतात आणि २०१६ चा कायदा कर्णबधिरत्व दोन्ही कानांवरूनच ठरवतो. हे पहिल्याच खिडकीवर कोणी सांगितले असते, तर माझ्या तीन रजा वाचल्या असत्या. टेबल एका शनिवारी आमच्या शिपाईमामांनी पाच मिनिटांत फिरवून दिले. अर्ज अजून विचाराधीन आहे.

चेहऱ्याचे सांगायचे तर घरी आले तेव्हा नसेची श्रेणी चौथी होती (पहिली म्हणजे पूर्ण बरी, सहावी म्हणजे पूर्ण लुळी), म्हणजे डोळा पूर्ण मिटत नव्हता आणि चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळत असे. अकरा महिन्यांनी ती दुसरीवर आली, याचा मला दाखल्यापेक्षा जास्त अभिमान आहे. अंधारात मात्र तोल अजून जातो, म्हणून रात्री बोळातला दिवा चालू ठेवते. कानातली शिट्टीही गेलेली नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे खरेच आहे, परंतु यातले काहीच त्या सतरामध्ये मोजलेले नाही.

एक राहिलेच. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब आणि रात्री मलम घालून कागदी पट्टी लावायला सांगतात. पट्टी लावण्याआधी पापणी बोटाने पूर्ण खाली ओढून घ्यावी, नाहीतर झोपेत पट्टी उघड्या बुबुळावर घासत राहते. पहिल्या आठवड्यात माझे तेच झाले आणि नेत्रतज्ज्ञांकडे धावावे लागले.