सिग्नल पडला! सेव्हर्न व्हॅलीतल्या केबिन पाहताना

लहानपणी मिरजेकडच्या आमच्या स्टेशनावर कुणीतरी "सिग्नल पडला!" म्हणून ओरडलं की बायका गाठोडी उचलायला लागत. सिग्नलचा हात खाली आला म्हणजे गाडी आलीच. बर्मिंगहॅमला आल्यापासून हे वाक्य तोंडातून गेलंच होतं, कारण इथे उरलेल्या जुन्या सिग्नलांपैकी बरेचसे हात वर उचलतात. सेव्हर्न व्हॅली रेल्वे या हौशी मंडळींनी जपलेल्या मार्गावर मात्र ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीची पद्धत टिकवली आहे, तिथे हात पडतो. तेवढ्यासाठी शनिवारी गेलो.

बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीटहून किडरमिन्स्टर पाऊण तासावर, आणि या गाडीचं स्टेशन तिथेच शेजारी. मूळ मार्ग 1862 चा. 1963 मध्ये थेट प्रवासी गाड्या थांबल्या, 1970 पासून हौशी मंडळींनी तो तुकड्यातुकड्याने पुन्हा सुरू केला आणि 1984 मध्ये किडरमिन्स्टरला आणून जोडला. गाड्या रोज नसतात, कधी पूर्ण मार्गभरही नसतात. वेळापत्रक बघूनच निघा. कुठेही चढता-उतरता येईल असं दिवसभराचं तिकीट घ्या, नाहीतर केबिन, म्हणजे सिग्नल चालवायच्या खोल्या, खिडकीतून भुर्रकन जातील.

ब्यूडलीला उत्तर आणि दक्षिण अशा दोन केबिन आहेत. आर्लीची केबिन मूळची तिथली नाहीच, श्रूसबरी-क्रू मार्गावरच्या योर्टनहून आणलेली. पण वेळ घालवायचा तर हायलीला. फलाट एकच आणि केबिन रुळांपलीकडे बरोब्बर समोर, त्यामुळे बाकावर बसल्या बसल्या सगळं दिसतं.

आधी घंटा. एक टोला म्हणजे 'लक्ष द्या', मग पुढचे टोले. केबिनमनने फडकं घेतलं आणि लिव्हर ओढला. फडकं अशासाठी की हाताच्या घामाने मूठ गंजते. लाल लिव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), निळे सांध्यांच्या कुलपांचे. फलाटाच्या कडेने तार करकरली आणि लांबवर हात पडला. तार तुटली तर हात पडूनच राहणार नाही का, असं मला लहानपणी वाटायचं. तसं होत नाही: खिळीच्या दुसऱ्या बाजूला रंगीत काचांची जड चौकट असते, तिच्या वजनाने हात आपोआप वर, म्हणजे धोक्याला जातो.

मग टोकन, म्हणजे पुढच्या तुकड्यात शिरायचा ड्रायव्हरच्या हातातला परवाना. एकेरी मार्गावर दोन्ही टोकांची यंत्रं विजेने एकमेकांना बांधलेली. एक टोकन बाहेर असताना दुसरं निघतच नाही. आपल्याकडे नीलच्या यंत्रातून गोळा निघायचा, इथे लांब किल्ली. 1874 मध्ये नॉरिचजवळ थोर्प इथे तारायंत्रावरच्या निरोपाच्या गोंधळातून दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, त्यानंतर एडवर्ड टायरने असं यंत्र बनवलं. तरीही 1921 मध्ये वेल्समधल्या ॲबरम्यूलला 17 जण गेले. यंत्र बिघडलं नव्हतं. गाडीला तिचंच आधीचं टोकन परत दिलं गेलं आणि त्यावरचं नाव कुणी वाचलं नाही. हायलीला ड्रायव्हरने किल्लीचं कडं खांद्यावर अडकवण्याआधी ती उलटी करून नाव वाचलं. मला इंजिनापेक्षा ते बघायला जास्त आवडलं.

केबिनमध्ये शिरायला मिळेल असं धरून जाऊ नका. घंटा वाजत असताना हाका मारू नका. गाडी गेल्यावर कुणी खिडकीत आलं तर विचारा, मंडळी बोलकी आहेत. एका स्टेशनावर दोन गाड्यांमधला वेळ धरून ठेवा, कारण खरी गंमत गाडी यायच्या आधीच्या पाच मिनिटांत असते. आर्ली ते हायली नदीकाठची पायवाट तासाभराची आहे, पण पावसानंतर चिखल घोट्यापर्यंत. मी कॅनव्हासचे बूट घालून गेलो आणि परतीच्या डब्यात लोक माझ्यापासून जरा सरकूनच बसले.

आर्लीच्या दक्षिणेला 1861 चा व्हिक्टोरिया पूल लागतो, बिडाची 200 फुटांची एकच कमान. गाडीतून तो धड दिसत नाही. नदीकाठीच उतरायला हवं. डबा घरून न्या. मी थालीपीठ नेलं होतं, हायलीच्या वाऱ्यात ते पहिल्या घंटेआधीच गार झालं.