सुपेगावच्या शेतातले तंबू : आमची वाटचाल

भात कापून झालं की सुपेगावातली शेतं मोकळी होतात. दिवाळी उलटली की त्यातल्याच एका शेतात आमच्या निसर्गशिबिराचे तंबू लागतात. रोहा-मुरूड रस्त्यावरचं हे गाव फणसाड अभयारण्याला खेटून आहे. आमच्याकडे येणारी मुलं तेरा ते वीस वर्षांची असतात. तीन दिवस, दोन रात्री.

सुरुवात 2011 साली झाली, तीही ठरवून नाही. मी धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टला होतो. सुट्टी असली की पहाटेच मोटरसायकल काढून फणसाडला यायचो. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान, 1986 मध्ये अभयारण्य झालं. समुद्र इतका जवळ असूनही आत शिरलं की ऐन, किंजळ, अंजनीच्या सावलीत भर दुपारी संध्याकाळ वाटते. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, त्यांच्या शेंगा हातभर लांब. पाणी साठतं त्या जागांना इथे गाण म्हणतात. चिखलगाणाच्या काठी मी कितीतरी रविवार एकटा बसून काढले.

एकदा भाचा आणि त्याचे आठ मित्र हट्टाने बरोबर आले. दहाच्या सुमाराला डोक्यावरून एक शेकरू गेलं, या झाडावरून त्या झाडावर, लांबलचक उडी मारत. त्यानंतर त्या नऊ पोरांतलं एकही बराच वेळ बोललं नाही. घरी परतल्यावर त्यांच्या आयांचे फोन आले, पुन्हा कधी नेणार म्हणून. माझ्या डोक्यात व्यवसायाचा विचार तिथून आला.

पुढच्या वर्षी नोकरी सोडली. गुमास्ता परवाना काढला, पतसंस्थेकडून दीड लाखाचं कर्ज घेतलं, दहा तंबू आणले. पत्नी अंगणवाडीत शिकवायची, तिने स्वयंपाकाची बाजू उचलली. शेताचे मालक काका भाडं घ्यायला तयार नव्हते. शेवटी माणशी हिशेबाने तांदूळ आणि भाज्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या असं ठरलं, ते आजही चालू आहे. आदिवासीवाडीतले दोघे दादा पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहेत. वाटेत पडलेला साळिंदराचा काटा, रानडुकरांनी उकरलेली माती, सालीवरचे नखांचे ओरखडे ते चालता चालता दाखवतात. मला हे येत होतं असं मला वाटायचं. त्यांच्याबरोबर फिरायला लागल्यावर मी खऱ्या अर्थाने शिकलो.

तिसऱ्या हंगामात माझ्या हातून मोठी चूक झाली. कर्जाचे हप्ते थकत होते म्हणून एकाच वेळी 58 मुलं घेतली. संध्याकाळी जंगलातून परतताना मोजणी केली तर 56. त्या चाळीस मिनिटांत मी काय काय विचार केले ते आजही कोणाला सांगवत नाही. दोन मुली पक्ष्याचा आवाज ऐकत मागे राहिल्या होत्या आणि चुकीच्या पायवाटेला लागल्या होत्या. एका वनरक्षकाला त्या गाडीरस्त्यावर भेटल्या आणि त्याने सुखरूप आणून सोडल्या. मी दोघींच्याही आईवडिलांना त्याच रात्री फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हापासून एका तुकडीत 24 मुलं, चार मोठी माणसं. प्रत्येकाला जोडीदार, आणि प्रत्येक वळणावर मोजणी. दोन शाळांनी त्यामुळे आम्हाला सोडलं. त्यांना शंभर मुलं आणि रात्री स्पीकर हवा होता. त्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं आणि पत्नीच्या मानधनावर घर चाललं. तरी आकडा वाढवला नाही, आणि वाढवणारही नाही. ज्या रानात भेकराचं भुंकणं ऐकायला आपण आलोय, तिथे शंभर जणांनी येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेकोटीवरून मात्र दरवेळी मुलांशी बोलावं लागतं. कॅम्प म्हणजे शेकोटी हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. अभयारण्यात आग लावायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे आम्ही त्यांना सांगतोच. वाळलेल्या पाचोळ्यावर एक ठिणगी पडली तर काय होईल हे त्यांना दिवसा जंगलात पाचोळा तुडवताना आपोआप कळतं. आगीचा हट्ट आम्ही शेतात पुरवतो, पोपटी लावून. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. रायगडातल्या मुलांना हे घरचंच असतं, मुंबई-पुण्याची मुलं मात्र मडकं उघडताना वाकून वास घेत राहतात. जेवणं झाली की निखारे पाण्याने विझवायचे, सगळे दिवे बंद करायचे, आणि अर्धा तास नुसतं ऐकत बसायचं.

गिधाडांबद्दलही आम्ही बोलतो. डायक्लोफेनॅक हे सूज-वेदनेवरचं औषध दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. पेण तालुक्यातल्या एका मुलाने हे ऐकून तिथूनच वडिलांना फोन लावला आणि आपल्या म्हशीला सुजेवर कोणतं इंजेक्शन देतात ते विचारलं. मला तो मुलगा फार आवडला.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. उरलेल्या सगळ्या तुकड्यांचे आगाऊ पैसे परत केले. त्यातून सावरत नाही तोच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. तंबू ठेवले होते त्या पडवीचे पत्रे उडाले आणि चौदातले अकरा तंबू फाटले. पण रस्ता मोकळा झाल्यावर मी जंगल पाहिलं आणि तंबूंचं दुःख विसरलो. मोठाले वृक्ष मुळांसकट आडवे झाले होते. जिथे अंधार असायचा तिथे जमिनीपर्यंत लख्ख ऊन. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते, आणि वरचं ते छप्परच फाटलं होतं. आमच्याबरोबरचे थोरले दादा एका पडलेल्या किंजळीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

जुन्या मुलांनी आपणहून वर्गणी काढली. आधी गावात ताडपत्र्या आणि सौरदिवे पाठवले, मग आमच्यासाठी सहा तंबू. 2022 च्या दिवाळीनंतर पुन्हा पूर्ण हंगाम झाला. मुलांना आता आम्ही मुद्दाम पडझडीच्या जागी नेतो. पडलेल्या खोडाच्या कडेने कोणती रोपं वर येतायत, त्यातली झाडांची किती आणि नुसतं तण किती, हे त्यांनी वहीत लिहायचं. दरवर्षीच्या वह्या पत्नी जपून ठेवते आणि नवीन तुकडीला मागच्या वर्षीची वही वाचायला देते.

वाट चुकलेल्या त्या दोघींपैकी एक आता वनस्पतिशास्त्र शिकते आणि सुट्टीत आमच्याकडे तुकडी सांभाळायला येते. मागच्या हंगामात चिखलगाणाच्या वाटेवर तिने वर बोट दाखवलं. उभ्या राहिलेल्या एका ऐनाच्या शेंड्याला काटक्या-पानांचं शेकरूचं नवं घरटं होतं. मग तिने मुलांची मोजणी केली, 24 भरली, आणि आम्ही पुढे निघालो.