सिगरेट संपते, पॉड संपत नाही

माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर चालतं. दुसऱ्याने बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं, टिपून ठेवायचं आणि मीटिंगमध्ये शांत चेहऱ्याने सांगायचं. त्यामुळे २०२५ च्या नोव्हेंबरात सिगरेट सोडण्यासाठी मी भरलेल्या पॉडचं छोटं व्हेप घेतलं, तेव्हा त्याचीही वही झाली. व्हेप म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ करून ओढायचं यंत्र, आणि पॉड म्हणजे त्यात बसणारी द्रवाची कुपी. हिरव्या कव्हरची, शंभर पानी, आईने कोल्हापूरहून निघताना ‘खर्च लिहीत जा’ म्हणून बॅगेत टाकलेली. खर्च मी लिहिला, फक्त कसला ते तिला माहीत नाही.

सिगरेट हिंजवडीत लागली. रात्री बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी जुळणी, फुटलं की सगळी टीम खाली टपरीवर, आणि टपरीवर नुसता चहा पिणारी मी एकटीच. सहा महिन्यांत ती एकटीही उरली नाही. पुढे इंग्लंडला रेडिंगमध्ये आलो, टपरी गेली, सवय विमानात बसून सोबत आली. दिवसाला दहा. वीसच्या पाकिटाला इथे सोळा पौंडांच्या आसपास पडतात, म्हणजे आठवड्याला छप्पन पौंड धुरात. निकोटिनचे पॅच लावून झाले होते, निकोटिनचं गम चघळून झालं होतं. दोन्ही वेळा एखाद्या वाईट रिलीजच्या रात्री गाडी पुन्हा मूळपदावर.

नवऱ्याच्या रेट्यामुळे इथल्या सिगरेट सोडवणाऱ्या मोफत सेवेत नाव घातलं. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, ‘रोज ओढतेस ना? कारण ओढत नसशील तर व्हेप तुझ्यासाठी नाही, उगाच सुरू करू नकोस.’ मग एका नळीत फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. माझा आकडा आला १९. दहाच्या खाली हवा होता. त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं: व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून डांबर आणि हा वायू नाही, सिगरेटपेक्षा पुष्कळ कमी घातक, पण निरुपद्रवी नाही, आणि निकोटिनची ओढ तशीच राहते. सकाळची एक सिगरेट आणि बाकी दिवस व्हेप, असला मधला मार्ग काढू नकोस, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली. मनात सकाळचीच सिगरेट होती.

दुकानात गेल्यावर कळलं की वापरून फेकायची व्हेप १ जून २०२५ पासून बंद झाली आहेत. त्यांच्या जागी जवळपास त्याच आकाराची, पण चार्ज होणारी आणि पॉड बदलता येणारी आली. इथल्या नियमाने एका पॉडमध्ये २ मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव चालत नाही आणि निकोटिन मिलीलीटरला २० मिलीग्रॅमच्या वर नाही. कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने मात्र काउंटरखालून हजारो झुरक्यांचा दावा करणारा एकसंध चकचकीत डबा काढून दाखवला. स्वस्त होता. २ मिलीलीटरमध्ये हजारो झुरके कसे बसतील हे गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. मी बाहेर पडले, दुसरं दुकान गाठलं, आणि घ्यायच्या वस्तूचं नाव औषध-नियामकाच्या, म्हणजे एमएचआरएच्या यादीत आहे का ते तिथेच उभं राहून फोनवर पाहिलं. मागची बाई वैतागली. टेस्टरच्या मागे रांगेत उभं राहू नये.

घेतलं ते लायटरपेक्षा थोडं लांब, चपटं, बटण नसलेलं. आत बॅटरी, वर पॉड. पॉडमध्ये कापसाची वात आणि तिला टेकलेली जाळीदार कॉइल. तोंडाने ओढलं की हवेचा दाब बदलतो, सेन्सर जागा होतो, कॉइल तापते आणि वातीतल्या द्रवाची वाफ होते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चव आणि निकोटिन सॉल्ट. सॉल्ट म्हणजे निकोटिनमध्ये बेन्झॉइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा तिखटपणा मारलेला. त्यामुळे २० ची मात्राही घशाला फारशी लागत नाही. हे सोयीचं आहे आणि नेमकं हेच घातकही आहे, पण ते पुढे.

पहिला दिवस फजितीचा. पॉडच्या तळाची रबरी टोपी काढायला विसरले आणि दहा मिनिटं ‘यात काहीच येत नाही’ म्हणून नवऱ्याचं डोकं खाल्लं. टोपी काढल्यावर सिगरेटसारखा जोरात, तुटक झुरका मारला आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी. याला हळू ओढावं लागतं, दोन-तीन सेकंद, आधी तोंडात मग खाली. शिवाय शहाणपणा करून मी १० मिलीग्रॅमची मात्रा घेतली होती. कमी तेवढं चांगलं, हा आपला हिशेब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिन झाकणाच्या कचराकुंडीपाशी उभी राहून सिगरेट ओढत होते. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी २० घे, सिगरेट पूर्ण सुटू दे, मात्रा नंतर उतरव. तिसऱ्या दिवसापासून २०, आणि सकाळची सिगरेट त्या दिवशी राहिली ती राहिलीच.

चवीचं प्रकरण लवकर मिटलं, आमच्या नऊ वर्षांच्या मुलीमुळे. मी स्ट्रॉबेरी आणि आणखी कसलीतरी बेरी आणली होती. मी घराच्या मागे जाऊन ओढून आले तर ही सोफ्यावरून, ‘आई, तुला गोळ्यांचा वास येतोय. मला का नाही दिल्यास?’ सिगरेट ओढत होते तेव्हा ती नाक मुरडायची. आता जवळ येऊन हुंगत होती. उरलेले पॉड मी त्याच दिवशी दुकानात परत नेऊन टाकायला दिले. व्हेप विकणाऱ्या दुकानांना वापरलेली यंत्रं आणि पॉड परत घ्यावेच लागतात. तेव्हापासून तंबाखूची चव, जी तंबाखूसारखी मुळीच लागत नाही, जळक्या साखरेसारखी लागते. रोज तीच, आणि तशी बरी: चवीसाठी ओढावंसं वाटत नाही. सगळं सामान वरच्या कपाटात कुलपात, कारण एका पॉडमध्ये ४० मिलीग्रॅम निकोटिन असतं आणि ते लहान मुलाच्या पोटात जाऊन चालणार नाही.

आता वहीतले बग, म्हणजे दोष.

पहिला, गुरगुर. तोंडाकडच्या नळीत वाफ थंड होऊन थेंब साचतात आणि मग ओढताना हुक्क्यासारखा आवाज येतो, कधी कडू थेंब जिभेवर. उपाय साधा: पॉड काढायचा, टिशूवर झटकायचा, खालचे बॅटरीला टेकणारे धातूचे संपर्क पुसायचे. दर दोन दिवसांनी. बॉक्सवर याबद्दल एक अक्षर नाही.

दुसरा, थंडी. डिसेंबरच्या सुरुवातीला रेडिंग स्टेशनबाहेर सकाळी सात वाजता पहिला झुरका जळका लागला, कापूस करपल्यासारखा. ग्लिसरीन थंडीत घट्ट होतं, वातीत वेळेवर चढत नाही, आणि कोरडी वात तापली की करपते. एकदा करपलेला पॉड सुधारत नाही, तीन पौंड पाण्यात. खिशात अंगाजवळ ठेवल्यावर हे थांबलं. लागोपाठ ओढल्यावरही हेच होतं, वातीला भिजायला वेळ मिळत नाही. दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट हवा.

तिसरा बग माझ्या मते अक्षम्य. पॉडचं प्लॅस्टिक इतकं काळं की आत किती उरलंय ते दिसत नाही. बॅटरीला दिवा आहे, द्रवाला काही नाही. म्हणजे पॉड संपल्याचं तुम्हाला करपलेल्या चवीवरूनच कळणार. कंपनीला मी सविस्तर मेल लिहिला, पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, सगळं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’ कंपनीचं नाव घेत नाही. अशी उत्तरं आम्हीही पाठवतो.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. रात्री चार्जला लावलं की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालते.

पण खरा दोष वहीत चौथ्या आठवड्यात सापडला आणि तो यंत्रात नव्हता. पहिल्या पूर्ण आठवड्यात चार पॉड लागले होते, दोनाच्या पाकिटाला सहा पौंड या हिशेबाने बारा पौंड. छप्पनच्या जागी बारा, मी खूश. चौथ्या आठवड्यात आकडा सातवर. एकवीस पौंड. पैशांचं सोडा, १६० मिलीग्रॅमवरून २८० वर, पावणेदोनपट. आणि या चार आठवड्यांत मला एकदाही ‘आज जास्त झालं’ असं वाटलं नव्हतं.

का, ते शोधायला मी दोन दिवस प्रत्येक झुरक्याला वहीत एक रेघ मारली. रेघांवरून चित्र स्पष्ट झालं. सिगरेट पेटवायची म्हणजे कोट घाला, खाली जा, पावसात उभे राहा. पाच-सात मिनिटांत ती संपते, विझवायची, वर यायचं. ती स्वतःच तुम्हाला ‘झालं, जा आता’ म्हणते. पॉड असं काही म्हणत नाही. धुराचा वास नाही, राख नाही, घशाला लागत नाही. डबा फोडला की एक चिमूट शेव, येता-जाता आणखी एक चिमूट, आणि संध्याकाळी डबा रिकामा, खाल्ली कुणी? तसं. भाजी परतताना घराच्या मागच्या दारात एक, गाडीत बसण्याआधी दोन, फोनवर आईशी बोलताना म्यूट करून तीन. आईशी बोलताना मी कधीच सिगरेट ओढली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

याच सुमारास मी २०१९ ची इंग्लंडमधली एक चाचणी वाचली, सिगरेट सोडायला व्हेप बरं की पॅच-गम हे पाहणारी, जवळपास नऊशे माणसांची. वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगरेट सुटलेली होती, पॅच-गमवाल्यांपैकी साधारण १० टक्क्यांची. एवढाच भाग सगळे सांगतात. त्याच चाचणीत पुढे आहे: सिगरेट सुटलेल्या त्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात सुटलेल्यांपैकी जेमतेम ९ टक्के आपलं पॅच-गम वापरत होते. म्हणजे माझा बग माहीत असलेला बग होता.

मग नियम केले, अगदी टेस्ट केससारखे. व्हेप अंगावर नाही. बॅगेच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. घरात आणि गाडीत नाही. ऑफिसमध्ये तर तसंही चालत नाही, आमच्या इमारतीत सिगरेटच्याच जागी उभं राहावं लागतं, आणि हे माझ्या पथ्यावर पडलं. कोट घालून, खाली जाऊन, दहा झुरके मोजून, पुन्हा बॅगेत. म्हणजे त्याला सिगरेटचा शेवट शिवून दिला. नवरा म्हणाला, ‘एवढं सगळं करून तू पुन्हा कचराकुंडीपाशीच उभी.’ खरं होतं. पण पुढच्या आठवड्यात पॉड पाचवर आले, त्यानंतर चारवर, आणि मग मी १० मिलीग्रॅमवर उतरले. या वेळी कचराकुंडीपाशी सिगरेट आठवली नाही. नळीत पुन्हा फुंकलं तेव्हा आकडा होता २. बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला.

फेब्रुवारीत तीन आठवडे कोल्हापूर. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्यानंतर झालेल्या कायद्याने व्हेपची आयात, विक्री, साठा सगळंच बंद आहे. ओळखीचे लोक सर्रास सांगतात, ‘अगं, कोण तपासतंय, खिशात टाक.’ मी कपाटात कुलूप लावून निघाले. कायद्याचा धाक होताच, पण ही चाचणी मला करायचीच होती: यंत्र काढून घेतलं तर मागे काय उरतं?

उरला तो गम. २ मिलीग्रॅमचा, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारा. पहिले तीन दिवस वाईट गेले. आईवर विनाकारण ओरडले, मग रंकाळ्यावर एकटीच चालून आले. टपऱ्यांजवळून जाताना धूर आला तर चक्क नको वाटला, याचं मलाच नवल. दुसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, ‘सारखं काय गं चघळतेस म्हशीसारखं?’ मी म्हटलं, पित्ताची गोळी आहे. ‘मग चहा कमी कर,’ म्हणाली आणि कप उचलून नेला.

परत येऊन कपाट उघडलं. निघताना पॉड यंत्रातच ठेवून यंत्र आडवं टाकलेलं, ते तीन आठवड्यांत गळून सगळं चिकट झालं होतं. संपर्क पुसले, कोरडं केलं, चालू होतं. १० मिलीग्रॅमचा नवा पॉड घातला, पण तिसऱ्या दिवशी, आणि त्याला सात दिवस पुरले. वहीत लिहिलं: लांबच्या प्रवासाआधी पॉड काढून उभा ठेवणे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या द्रवावर १० मिलीलीटरला २.२० पौंड नवा कर, म्हणजे दोन पॉडच्या पाकिटामागे व्हॅट धरून साधारण एक पौंड जास्त. ती ओळ खाली लिहून ठेवली आहे. तोवर हा खर्चाचा रकाना रिकामा राहिला तर आईला वही दाखवता येईल.