तुम्ही विचारलंत म्हणून: ते इंजिन पुन्हा का बांधलं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, आणि परवा भाचीच्या नवऱ्यानेही विचारलं: "मामा, पावणेतीन लाखांना घेतलेली जुनी मर्सिडीज. २०१७ साली तिच्या इंजिनात पावणेदोन लाख का घातलेत? भंगारवाला पंचेचाळीस हजार देत होता ना?" होय, देत होता. आजवर या प्रश्नावर मी इंजिनाचं कौतुक ऐकवत आलो. कौतुक खरं आहे. पण ते उत्तर नव्हतं.

तरी ते आधी सांगू द्या, कारण त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. गाडी ई २५० डी, १९९६ ची. मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९९५ मध्ये, इथेच, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पुण्यातल्या कारखान्यात, आणि पहिलं मॉडेल हेच, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. लोक "जर्मन गाडी" म्हणतात तेव्हा मी दुरुस्त करतो. आखली जर्मनीत, जोडली आपल्या माणसांनी. इंजिन २४९७ सीसी, पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो नाही, ११३ हॉर्सपॉवर. आज दीड लिटरचं डिझेल इंजिनही एवढी ताकद देतं, हे मला माहीत आहे, कृपया पुन्हा सांगू नका. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात नाही. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागात, प्रत्येक सिलिंडरला एक छोटी कोठडी असते, प्रीचेंबर. तिथे ते पेटतं आणि जाळ भोकांतून पिस्टनवर येतो. त्यामुळे दणका मऊ बसतो, खडखड कमी होते. पाच सिलिंडर असल्यामुळे दर १४४ अंशांना एक स्फोट, म्हणून तो आवाज चार सिलिंडरसारखा सरळ ठेक्यात पडत नाही, जरा लंगडत, घुमत येतो. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, पट्टा नाही, साखळी. भोसरीत ग्राइंडिंग मशीनवर मी तेवीस वर्षं काढली. धातूचं काम कुणी मन लावून केलं आहे आणि कुणी उरकलं आहे, हे मला बोट फिरवून कळतं. या इंजिनात उरकलेलं मला काही सापडलं नाही.

प्रीचेंबरची एक किंमत मात्र असते. जळण्याची बरीच उष्णता त्या कोठडीच्या भिंतींतून कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, जाते. म्हणून असं इंजिन डिझेल थोडं जास्त पितं, आणि म्हणून त्याची कूलिंग सिस्टिम ठणठणीत असावीच लागते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे.

मे २०१७. साताऱ्याला आत्येभावाच्या मुलीचा साखरपुडा, साडेबाराचा. मी, बहीण, भावजी आणि आई. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. निघायला उशीर झाला, शिरवळला चहाला थांबलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. भावजी सहज म्हणाले, "खंबाटकी चढेल ना ही?" मी म्हणालो, "भावजी, हे इंजिन पाच लाख किलोमीटर चालतं."

गाडीचा विस्कस फॅन तीन महिन्यांपासून ढिला होता. हा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, पण मधल्या क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. रेडिएटरमागची हवा तापली की क्लच घट्ट धरतो आणि पंखा जोराने ओढतो. माझा धरत नव्हता. सपाट रस्त्यावर समोरून वारा मिळतो, काही कळत नाही. त्यात हिवाळ्यापासून मी कूलंटऐवजी बोअरिंगचं पाणी वर ओतत होतो, कारण "नंतर एकदमच बदलू".

घाटात ट्रकांची रांग होती. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा, एसी चालू. वारा नाही, चढ आहे, आणि पंखा नुसता फिरतोय. तापमानाचा काटा नेहमी नव्वदच्या आसपास असतो. पहिल्या मोठ्या वळणावर शंभर ओलांडून गेला. मी एसी बंद केला. भावजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी काट्याकडे पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं.

तिथे थांबायला जागा होती. एक नाही, दोन. दोन्ही मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

मी थांबलो नाही. मी हीटर लावला. जुन्या ड्रायव्हरांना ही युक्ती माहीत असते: हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटर, तो पूर्ण उघडून ब्लोअर जोरात सोडला की इंजिनची थोडी उष्णता आत येते. थोडी. मे महिन्यात, साडेअकरा वाजता, चढत्या घाटात मी चार माणसांच्या अंगावर इंजिनचा ताप सोडला. काचा खाली केल्या तर ट्रकांचा धूर आत येऊ लागला. बहीण म्हणाली, "दादा, थांबव." मी म्हणालो, "माथा आलाच, उतारावर गार होईल." आईने बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि पदर डोक्यावर घेतला. एकदाच म्हणाली, "अजून किती लांब आहे रे?" मी म्हणालो, "आलंच आई."

काटा एकशेवीसला टेकला. माथा आला, उतार लागला, आणि बॉनेटच्या कडेने पांढरी वाफ निघायला लागली. वेळे गावापाशी गाडी बाजूला घेतली. आईला उतरवताना तिचा हात माझ्या हातातून सुटला, ती कडेच्या दगडावर बसली ती जवळजवळ कोसळलीच. डोळे उघडे होते पण माझ्याकडे पाहत नव्हते. पलीकडे रसाच्या गुऱ्हाळावर एक बाई होत्या. त्यांनी धावत येऊन मीठ-साखरेचं पाणी दिलं, आईचे तळवे चोळले, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही गाडीकडं काय बघताय?"

मी खरंच गाडीकडे बघत होतो. मी तेव्हा आणखी एक गोष्ट केली, ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. वीस मिनिटांनी कूलंटच्या टाकीच्या झाकणावर ओलं फडकं टाकून ते उघडलं आणि गार पाण्याच्या दोन बाटल्या आत ओतल्या. तापलेल्या धातूवर गार पाणी काय करतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, दोघांचं फुगणं-आकसणं वेगळं. पंधरा-वीस मिनिटं आणखी वाट पाहिली असती तर कदाचित नुसत्या गॅस्केटवर, म्हणजे या दोघांमधलं सील बदलून, निभावलं असतं. साखरपुडा दीड वाजता पार पडला. आम्ही पोचलो चारला, दुसऱ्याच्या जीपमधून. आई त्या रात्री सलाईनवर होती.

गाडी टेम्पोवर घालून पुण्यात आणली. इंजिन खोललं तेव्हा मी समोर होतो. ऑइल दुधाळ कॉफीसारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेडवर मी स्वतः सरळ पट्टी ठेवली आणि खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवला: हेड मधोमध पाव मिलिमीटर वाकलेलं. मी दहा मायक्रॉनसाठी, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी, जॉब परत पाठवणारा माणूस. तिसऱ्या सिलिंडरवर दोन व्हॉल्व्ह सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या, मधे केसासारखी चीर होती. मिस्त्री म्हणाला, "काका, सोडून द्या, भंगारात द्या." त्याचं काही चुकत नव्हतं.

हेड कुर्ल्याच्या एका जुन्या मालवाल्याकडून आणलं. पाण्याच्या दाबाखाली तपासून घेतलं, प्रीचेंबर काढून साफ केले, व्हॉल्व्ह सीट ग्राइंड केल्या. गॅस्केट, रिंगा, पाण्याचा पंप, होस, नवा विस्कस क्लच, रेडिएटर. हेडचे बोल्ट नवे, कारण ते एकदा ताणले गेले की परत भरवशाचे राहत नाहीत. ठरलेल्या जोराने आवळायचे आणि मग मोजून अंशांत फिरवायचे. शेवटचे अंश मी फिरवले. दहा दिवसांची रजा त्यात गेली, पार्टसाठी नाना पेठेच्या चकरा वेगळ्या. सगळं मिळून एक लाख चौऱ्याहत्तर हजार.

तर का? डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत २०११ साली, पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झाली त्या दिवशी, मी लिहिलं आहे: "हे इंजिन माझ्यानंतरही चालेल." त्या माणसाशी मी अजून भांडतो. यंत्र चांगलं आहे म्हणजे त्याला जपायची गरज कमी, असं त्याने मनाशी कधी ठरवलं? तो म्हणतो, मी जपतच होतो, दर सात हजाराला ऑइल बदलत होतो. बदलत होता, खरं आहे. पण पंख्याचं तीन महिने टाळलं, कारण पंखा ढिला आहे हे मान्य केलं असतं तर भावजींसमोर ते वाक्य बोलता आलं नसतं. इंजिनाने काटा दाखवून सांगितलं होतं. मोडलं मी. मोडलेलं भंगारात देऊन नवी गाडी आणली असती, तर ते "जुनी गाडी बंद पडली" म्हणून खपलं असतं, सगळ्यांनी तसंच म्हटलं असतं, आणि मी ते म्हणू दिलं असतं. ते मला नको होतं. हे उत्तर.

आता तुमचा पुढचा प्रश्न, धुराचा. पीयूसी मिळते. पण ते कागदावर. थंडीत सकाळी सुरू केली की खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकी लावून घेतात, ते मी पाहतो. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं, आणि या गाडीला काजळी अडवणारा फिल्टर नाही. एक चांगलं इंजिन वितळवून दुसरं घडवणं यातही पृथ्वीचं काहीतरी जातं, असं मी बोलतो. बोलताना मला ते पटतं. काकूंची खिडकी लागली की कमी पटतं. ऑक्टोबर २०२६ ला पुन्हा नोंदणीचं वर्ष आहे. तेव्हा काय करेन, ते मला आज सांगता येत नाही.

गेल्या जानेवारीत खंबाटकी चढलो, रांगेत, एसी लावून. काटा नव्वदवर. आईला आधी विचारलं होतं, "चल, साताऱ्याला सोडतो, आता गाडी एकदम ठीक आहे." बाहेर स्वेटरची थंडी होती. ती म्हणाली, "नको रे, त्या गाडीत मला उकडतं," आणि स्वारगेटवरून एसटीने गेली.