क्लिसाँची दुपार आणि आठ मिलीसेकंद

युरोपातील हेवी मेटल संगीताच्या महोत्सवांपैकी सर्वांत सरस कोणता, हा वाद श्रोत्यांमध्ये बहुधा बँडच्या यादीवरून रंगतो. एका बँडबरोबर सिस्टिम इंजिनिअर म्हणून फिरू लागल्यापासून मला त्या यादीचे फारसे अप्रूप राहिलेले नाही, कारण उन्हाळाभर तेच मोठे बँड, तीच माणसे आणि तेच वाद्यांचे पेटारे रात्रीच्या प्रवासाने एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जात असतात. 2022 च्या जूनमध्ये डेन्मार्कचा कोपनहेल, बेल्जियमचा ग्रासपॉप आणि फ्रान्सचा हेलफेस्ट हे तिन्ही एकाच आठवड्याच्या शेवटी आले होते आणि त्यांची पोस्टर शेजारी लावली तर कितीतरी नावे तिन्हींवर सापडत होती. मग एकच बँड, तीच गाणी, तोच ढोलकिया असताना एका ठिकाणचा कार्यक्रम लक्षात राहतो आणि दुसऱ्या ठिकाणचा पुसला जातो, याचे कारण मला 18 जूनच्या दुपारी क्लिसाँमध्ये बऱ्याच अंशी उमगले असे वाटले होते. तेव्हापासून मी त्यावर विचार करतो आहे आणि अजून माझे पुरते समाधान झालेले नाही.

क्लिसाँ हे नाँत शहराजवळचे, मस्कादे वाइनच्या द्राक्षमळ्यांतले छोटे गाव. हेलफेस्ट तेथे 2006 पासून भरतो. त्या वर्षी, महासाथीमुळे दोन उन्हाळे वाया गेल्यावर, आयोजकांनी दोन आठवडे मिळून सात दिवसांचा महोत्सव ठेवला होता आणि 26 जूनला मेटॅलिका त्याचा समारोप करणार होती. आमचा बँड पहिल्या आठवड्यात होता, आणि नेमकी त्याच दिवसांत फ्रान्सवर जूनमध्ये सहसा न येणारी उष्णतेची लाट आली होती. शनिवारी दुपारी पारा 40 अंशांच्या आसपास होता. काळे टी-शर्ट घातलेल्या त्या प्रचंड गर्दीवर अग्निशमन दलाचे जवान नळीने पाणी मारत होते आणि लोक त्या पाण्याकडे हात पसरून उभे होते.

बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते की महोत्सवात साउंड चेक नावाची चैन कोणाला मिळत नाही. दोन मुख्य मंच शेजारी शेजारी असतात. एकावर वादन चालू असताना दुसऱ्यावर चाकांच्या चौथऱ्यावर आधीच जुळवून ठेवलेले ड्रम ढकलत आणले जातात, प्रत्येक माइकचा आवाज येतो की नाही एवढे पाहणारा लाइन चेक होतो, आणि पहिले गाणे सुरू झाल्यावरच खरे मिश्रण सुरू होते. बँडचा आवाज घडवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी कन्सोलवर, म्हणजे सगळे आवाज मिसळण्याच्या टेबलावर, असतात. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत तसाच पोहोचतो की नाही, हे पाहणे माझे काम.

त्या दुपारी तो तसा पोहोचणे शक्यच नव्हते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो: 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर, 40 अंशांना सुमारे 355. मंचापासून 80 मीटरवर मागच्या लोकांसाठी स्पीकरचा दुसरा मनोरा असेल, तर मंचाचा आवाज तेथे पोहोचेपर्यंत त्याला थांबवून ठेवावे लागते. 20 अंशांना ही वाट पाहण्याची वेळ, म्हणजे डिले, 233 मिलीसेकंद येते आणि 40 अंशांना 225. आठ मिलीसेकंदांचे काय एवढे, असे शांत गाण्याच्या बाबतीत म्हणता येईल. मेटलमध्ये मात्र मिनिटाला 200 ठोक्यांच्या गतीवर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजतो तेव्हा दोन आघातांमध्ये जेमतेम 75 मिलीसेकंद असतात. प्रत्येक आघाताच्या मागे आठ मिलीसेकंदांवर त्याचीच सावली उमटली की ती घडीव लय गुरगुर बनते, आणि मागे उभा असलेला श्रोता ढोलकियाला दोष देतो.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे तापलेली जमीन. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असली की ध्वनिलहरी वर वळतात आणि मैदानाच्या मागच्या भागात आवाजाची सावली पडते. त्यातच कोरडी हवा वरच्या पट्टीतले स्वर खाऊन टाकते. सूर्य मावळल्यावर हाच खेळ उलटतो, लहरी खाली वळतात आणि दूरच्या गावातले लोक तक्रारी करू लागतात. आपल्याकडे रात्री दहाच्या नियमाला लोक केवळ नोकरशाहीचा हट्ट समजतात; त्या वेळेला हवाही शेजाऱ्यांच्या विरोधात गेलेली असते, हे कोणी सांगत नाही.

कन्सोलच्या तंबूत महोत्सवाच्या बाजूने एक फ्रेंच इंजिनिअर बाई होत्या. पन्नाशीच्या, मितभाषी, आणि माझ्या आजवरच्या कामात भेटलेल्या सर्वांत नेमक्या. त्यांच्या टेबलावर तापमान व आर्द्रता दाखवणारे यंत्र होते आणि शेजारच्या वहीत त्याच मैदानाच्या मागील वर्षांच्या नोंदी होत्या. जमीन महोत्सवाची स्वतःची, मंचांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे मनोरे कोठे उभे राहणार हे त्यांना आधीपासून माहीत होते. सकाळपासून त्यांनी डिलेचे आकडे अनेकदा बदलले होते. मी मोजणीचा माइक बाहेर काढला, तेव्हा त्यांनी न बोलता आपला ताजा आकडा माझ्यापुढे सरकवला. माझ्या गणितात आणि त्यांच्या आकड्यात मिलीसेकंदाचाही फरक नव्हता.

आमच्या ज्येष्ठांचा मात्र आकड्यांवर विश्वास नाही. दुसऱ्या गाण्याला मागून आवाज बोथट येतो आहे असे त्यांना कोणीतरी येऊन सांगितले आणि त्यांनी मास्टर फेडर, म्हणजे एकूण आवाजाची सरकती कळ, वर नेला. फ्रान्समध्ये कायद्याने पंधरा मिनिटांची सरासरी 102 डेसिबलच्या (ए, म्हणजे कानाच्या जाणिवेनुसार मोजलेल्या) आत ठेवावी लागते, आणि खर्जासाठी 118 डेसिबल (सी, म्हणजे खर्ज अधिक धरून मोजलेली) अशी वेगळी मर्यादा असते. ही मर्यादा जर्मनीतील 99 डेसिबलच्या, अर्ध्या तासाच्या मानकाहून मोकळी आहे, तरी ती मेटलच्या माणसाला अपमानासारखी वाटते. माझ्या मते ती उत्तम मर्यादा आहे. सरासरीवर चालत असल्यामुळे संथ भागात वाचवलेले डेसिबल शेवटच्या गाण्यात खर्च करता येतात. मुंबईतले रंगभवन हे खुले नाट्यगृह, जेथे इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाने पिढ्या घडवल्या, शांतता क्षेत्राच्या नियमाखाली गप्प झाले. तेथे हिशेब करायला जागाच नव्हती, थेट बंदी होती.

पडद्यावरचा आकडा 101 च्या वर गेला तेव्हा त्या बाईंनी आमच्या ज्येष्ठांना आवाज कमी करायला सांगितले नाही. त्यांनी फक्त मागच्या मनोऱ्यांचे वरचे स्वर थोडे वाढवले, डिले पुन्हा एकदा जुळवला आणि मला म्हणाल्या, "यांना मागे घेऊन जा." मी कन्सोल सहायकाच्या हाती देऊन ज्येष्ठांना त्या उन्हात शेवटच्या रांगेपर्यंत नेले. ते तेथे अर्धे गाणे उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी फेडर तीन डेसिबल खाली आणला आणि उरलेला कार्यक्रम तेथेच ठेवला. गर्दीतल्या एकानेही मागे वळून पाहिले नाही. त्या उन्हाळ्यातला आमचा सर्वांत स्वच्छ कार्यक्रम तो होता, आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा मुळीच नव्हता.

दोनच दिवसांनी आम्ही दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या महोत्सवात होतो, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही. मंच अधिक भव्य, ज्वाळा अधिक उंच, मानधनही अधिक. डिलेचे आकडे कोणी आणि कधी भरले होते हे तेथे कोणालाच सांगता आले नाही, आणि ते बदलण्याची परवानगी ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. मागे ड्रमची गुरगुर झाली. तरीही लोकांनी तितक्याच जोमाने डोकी हलवली, गोल करून एकमेकांवर आदळले, आणि शेवटच्या गाण्याला हजारो कंठ एकत्र आले.

येथेच माझे घोडे अडते. 2023 मध्ये वाकेनला, जर्मनीतल्या मोठ्या मेटल महोत्सवात, पावसाने मैदानाचा चिखल झाला, 2 ऑगस्टला प्रवेश थांबवावा लागला, 85,000 जणांपैकी बरेच आत जाऊच शकले नाहीत, आणि तरी पुढच्या वर्षाची तिकिटे पाच तासांच्या आत संपली. लोक मैदानावर ऐकायला येतात त्याहून अधिक एकत्र यायला येतात, हे मान्य केले तर त्या बाईंची वही कोणासाठी? माझे उत्तर अर्धवट आहे: मागच्या रांगेतल्या माणसाला फरक शब्दांत सांगता येत नसेल, पण हेलफेस्टला तो चौथ्या गाण्यानंतर बिअरच्या रांगेकडे वळला नाही, हे मी पाहिले. त्या दुसऱ्या महोत्सवात ती रांग गाणी चालू असतानाच लांबत गेली.

पुढच्या हंगामाचे ठरवताना आमच्या व्यवस्थापकांनी दोन्ही ठिकाणांबद्दल माझे तांत्रिक मत मागवले. मी दोन्हीकडची मोजमापे आणि मागच्या रांगेतली ध्वनिमुद्रणे पाठवली. त्यांनी ती ऐकली, आवडली असेही कळवले, आणि ज्याने मानधन अधिक देऊ केले त्या महोत्सवाशी करार केला. त्या करारात डिलेची वेळ आमच्या माणसाने तपासावी, असे एक वाक्य मी हट्टाने घालून घेतले आहे.