बांध नसलेलं शिवार

रविवार, ३० नोव्हेंबर

बूट दाराबाहेर पायरीवर ठेवलेत. दोनदा काठीने खरवडले, तरी तळव्याची माती सुटत नाही. तांबूस, चिकट, जड. आमच्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात चालताना पायाखाली हळूहळू भाकरी थापली जाते आणि माणूस दोन इंच उंच होतो, तसाच आज लॅक्सटनच्या शेतातून चालताना झालो होतो. नॉटिंगहॅमला येऊन सात वर्षं झाली, पण गाडीने तासाभराच्या आत असलेल्या या गावाला जायचा योग आज आला. तोही अण्णांमुळे. गेल्या रविवारी फोनवर म्हणाले, "पुन्हा मोजणी आणलीय. तात्याच्या पोराने परत दोन तास आत मारलंय." तास म्हणजे नांगराचं तास. आमच्या घरात कुणी 'दोन तास' म्हटलं की घड्याळाकडे कुणी बघत नाही.

बांध कोरण्याचं हे प्रकरण माझ्या जन्माआधीपासूनचं आहे. आबा आणि त्यांचे चुलतभाऊ, मग अण्णा आणि तात्या, आता तात्यांचा मुलगा. माणूसभर रुंदीचा बांध होता म्हणतात. मी पाहिला तेव्हा त्यावरून एका वेळी एक पाय टाकूनच चालता यायचं. आता तर नुसती रेघ राहिलीय.

तर लॅक्सटन. इंग्लंडमधलं मध्ययुगीन पद्धतीची सामायिक शेती अजून खरोखर चालवणारं हे गाव. गावाबाहेर तीन मोठी मोकळी शिवारं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. त्यांना आतून कुंपण नाही, झुडपांची वई नाही, बांध तर नाहीच. इंग्लंडचं खेडं म्हटलं की डोळ्यांसमोर हिरव्या कुंपणांनी पाडलेले चौकोन येतात. इथे नजर अडतच नाही. प्रत्येक शिवारात पट्ट्या पाडलेल्या आहेत आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दर वर्षी पाळी बदलते.

पट्ट्या विखुरलेल्या का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या पणजोबांच्या वाटण्या अशाच झाल्या होत्या. विहिरीजवळच्या रानात प्रत्येकाला तुकडा, माळाला प्रत्येकाला तुकडा, ओढ्याकाठीही प्रत्येकाला तुकडा. चांगल्यात सगळे, वाइटात सगळे. पुढे आपल्याकडे एकत्रीकरण आलं, गट नंबर पडले, आणि अण्णा आजही बोलताना जुना सर्व्हे नंबरच सांगतात.

इंग्लंडात हे एकत्रीकरण फार आधी आणि फार कठोरपणे झालं. सतराव्या शतकापासून पुढच्या तीनशे वर्षांत पार्लमेंटने पाच हजारांच्या आसपास कायदे करून गावोगावची मोकळी शिवारं कुंपणात घातली. मोठ्यांच्या जमिनी सलग झाल्या. ज्यांचं पोट सामायिक गायरानावर होतं त्यांची गाय गेली, सरपण गेलं. लॅक्सटन यातून सुटलं, ते काही शहाणपणाने नव्हे. तिथल्या दोन बड्या जमीनदारांचं, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कार्बरो यांचं, आपसात जमेना, म्हणून काम रखडत गेलं असं सांगतात. भाऊबंदकीने काही वाचवलं, असं उदाहरण मला एवढं एकच माहीत आहे.

गावात शिरताना आणखी एक ओळखीची गोष्ट दिसली. शेतकऱ्यांची घरं शेतात एकेकटी नाहीत. सगळी गावठाणात, रस्त्याच्या कडेने, लाल विटांची, कितीतरी घरांची रस्त्याकडे पाठ नाही की तोंड नाही, आखूड बाजू. मागे लांबच लांब परसू. भर गावात घराशेजारी ट्रॅक्टर, चाकांना चिखल, शेणाचा वास. इतर देखण्या इंग्लिश खेड्यांत हा वास येत नाही. तिथे आता शहरात नोकरी करणारी माणसं राहतात आणि खिडकीखाली लॅव्हेंडर लावतात. चर्चच्या मागे थोडं चालून गेलं की जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा लागतो. किल्ला म्हणावा असा एक दगड शिल्लक नाही, नुसता गवताळ ढीग. सह्याद्री पाहिलेल्या माणसाने त्यावर जास्त बोलू नये. इथे भटक्या जनावरांचा कोंडवाडासुद्धा आहे. 'पिनफोल्ड' म्हणतात. मी तिथे उभा राहून उगाच हसलो. आमच्या शाळेच्या वाटेवरचा कोंडवाडा आठवला, आणि दुसऱ्याच्या रानात म्हैस घुसली म्हणून आजीने मोजलेले पैसे.

माहिती केंद्रात १६३५ च्या नकाशाची माहिती आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तेव्हाच्या मालकासाठी, सर विल्यम कोर्टेनसाठी, गावाची इंच न इंच मोजणी केली आणि नकाशा काढला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात दोन हजारांवर पट्ट्या दाखवल्यात, आणि रिकाम्या जागी नांगरणारी, कापणी करणारी बारीक बारीक माणसं. विसाव्या शतकात यंत्रं आली तशा पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, त्यामुळे आता त्या बऱ्याच कमी आहेत.

(मोजणीवरून आठवलं. एकर हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय, पण त्याचा मूळ हिशेब असल्याच शेतातला: बैलांच्या नांगराने एका दिवसात होणारी नांगरट. २२ यार्ड रुंद, २२० यार्ड लांब. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट, म्हणजे इथली साखळी. तिची निम्मी तेहतीस फूट, आणि तेहतीस बाय तेहतीस म्हणजे आपला गुंठा. तात्यांच्या आणि आमच्या भांडणाचं माप असं थेट इथवर येऊन पोचतं.)

पण मी गेलो होतो ते खुंट्या बघायला.

नोव्हेंबरअखेरच्या एका गुरुवारी गावाचे पंच, इथे त्यांना ज्युरी म्हणतात, गव्हाच्या शिवाराची पाहणी करतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरमध्ये बसून जातात, बरोबर लाकडी खुंट्या आणि ठोकायला हातोडा. पंच म्हणजे स्वतः शेतकरीच. कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातलाय का, कुणी मधली गवताची वाट कातरलीय का, कुणाची चारी बुजलीय का, ते बघायचं. जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे मोजून खुंटी ठोकायची. पुढच्या आठवड्यात कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं कोर्ट, भरतं. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्ष, दंड ठरतात, पुढच्या वर्षासाठी नवे पंच शपथ घेतात. दंड काही पौंडांचा. हे नाटक नव्हे बरं. १९७७ च्या कायद्याने देशातल्या अशा जुन्या गावकोर्टांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्सटनचे ठेवले.

वाऱ्याला धार होती. गहू नुकताच उगवून चार बोटं वर आलेला, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कोळप्याच्या एका फेरीएवढी सुद्धा जागा नाही. एकाचा गहू संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, ते पेरणीच्या ओळी किंचित वेगळ्या दिशेने जातात म्हणून कळतं. गवताच्या वाटेच्या कडेला मला एक खुंटी सापडली. साधं फाडलेलं लाकूड, गुडघ्याच्या खालीच, वरचं टोक घाव बसून फुलासारखं पिंजलेलं. तिच्यापासून आतल्या बाजूला हातभर गहू वाटेवर आलेला दिसत होता. म्हणजे कुणाचा तरी नांगर घसरला होता. मी तिथे बराच वेळ उभा होतो. माझ्या मागून कुत्रा घेऊन आलेल्या बाईंनी "मॉर्निंग" म्हटलं आणि मी एका खुंटीकडे एवढं काय बघतोय म्हणून त्याही क्षणभर थांबून बघून गेल्या.

मधल्या ओलसर गवतपट्ट्यांना 'साइक' म्हणतात. तिथे नांगर चालतच नाही, म्हणून उन्हाळ्यात रानफुलं असतात, आणि त्या गवताचा लिलाव होतो. ते बघायला जूनअखेरीस पुन्हा जायचं. आज तिथे फक्त पाणी आणि माझा बूट होता.

दुपारी चारच्या आत अंधारून आलं. घरी येऊन अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, पण ते जागेच होते. मी सगळं उत्साहाने सांगितलं: पंच, ट्रेलर, खुंटी, दोन-चार पौंड दंड. विसरायच्या आत, वर्षाच्या वर्षाला, माणसं तापायच्या आत. आपल्याकडे बघा, आबांच्या वेळच्या तारखा अजून चालू आहेत.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर हाय?"

मी सांगितलं. आधी अर्ल मॅन्व्हर्सची इस्टेट, मग ही पद्धत टिकावी म्हणून १९५२ मध्ये सरकारच्या शेती खात्याने घेतली, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि २०२० मध्ये त्याच मॅन्व्हर्सांच्या थोर्सबी इस्टेटने परत विकत घेतली. शेतकरी बहुतेक सगळे खंडाने करतात.

"म्हंजी कुळं."

"हो, कुळंच."

"मग भांडतील कशाला? सातबारा दुसऱ्याचा, बांध कोरून मिळणार काय त्यास्नी?" थोडं थांबून म्हणाले, "कूळकायदा आला न्हाई काय तिकडं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची तीन एकर कूळकायद्यातच आबांच्या नावावर झाली, आणि ज्या दिवशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चुलतभावाशी हद्दीचा वाद सुरू झाला, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ असल्याचं आज पहिल्यांदा लक्षात आलं. खुंटीची कौतुकं सांगताना मी मालकाला विसरून गेलो होतो.

"पण खुट्टी बरी," अण्णा आपणहून म्हणाले. "मोजणीवाला दगड रोवून जातो ते कुणी मानत न्हाई. चार गाववाल्यांनी ठोकलेली असली तर..." वाक्य तिथेच राहिलं. खोकला आला. पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"रातीचं कुणी उपटून दोन हात सरकवत न्हाई व्हय रे?"

"नसतील."

"नसतील न्हवं. जूनला जाणारेस ना परत? बघून ये, हाय का जागच्या जागी."