पळता शनी

"आरं, ह्यो पळतोय की!"

दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावून शेजारच्या आजी ओरडल्या. त्याआधी दहा मिनिटं "साडेसातीवाल्याला मुद्दाम कशाला बघायचं" म्हणून नको-नको चाललं होतं. शेवटी गच्चीवर आल्या, पण चपला जिन्यातच काढून. पदरही डोक्यावर.

आमची आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हातानं फिरवायची दुर्बीण; ताऱ्यांमागं आपोआप फिरवणारी मोटर नाही. १० मिमीच्या आयपीसमध्ये शनी एका कडेनं शिरतो आणि दीडेक मिनिटात दुसऱ्या कडेनं बाहेर. म्हटलं, "आजी, तो नाही पळत. पृथ्वी फिरतीय, आपणच पळतोय."

आजींनी डोळा काढला. पायाखालच्या फरशीकडं बघितलं, मग समोर अजिंक्यताऱ्याकडं. "आन् ह्यो किल्लाबी?"

"किल्लाबी."

वर्षभर आम्ही चौघं याच गच्चीवर. आरसे जुळवण्यावरून भांडलो, समोरच्या एलईडी दिव्याला शिव्या घातल्या, यवतेश्वरच्या घाटात कुडकुडलो, पावसाळाभर दुर्बीण चादरीत गुंडाळून ठेवली. शनीची कडी बारीक दिसतात म्हणून कुरकुरलोसुद्धा (मार्च २०२५ मध्ये, २००९ नंतर पहिल्यांदाच, त्यांची नुसती कड आपल्याकडं आली होती). शनी सरकला की हात आपोआप दुर्बीण ढकलतो. फरशीकडं मात्र कुणी बघितलं नव्हतं.

रात्री पलंग हलतोय असं उगाच वाटत राहिलं.

आज ढग आहेत. मघाशी आजींनी खालून हाक मारली, "कुठवर पोचलो रं आपण?"